बंद दारामागचा देश : आल्बानियातील लोकजीवन (१९४४ ते १९९१)



इतिहासावर बोलण्याचा अधिकार विद्वानांचा. आमचे शिक्षण म्हणाल तर ते आठवीत थांबले. १९८२ च्या गिरणी संपात घरची चूल दिवसाआड पेटू लागली आणि शाळेची वाट सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि पाळी सुटल्यावर लोकलच्या गर्दीत वाचले. असे असूनही चालकांनी आम्हांस बोलाविले, तेव्हा ज्या विषयाने आम्हांला तीस-पस्तीस वर्षे स्वस्थ बसू दिलेले नाही, तोच आज आपल्यापुढे मांडावा असे आम्ही ठरविले.

आम्ही विशीत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या कचेरीत पुस्तकांच्या कपाटावर 'न्यू आल्बानिया' नावाच्या सचित्र मासिकाचे जुने अंक पडलेले असत. गुळगुळीत कागद, हसऱ्या कामकरी स्त्रिया, गव्हाची शेते, धुराडी, नवी धरणे. इंग्रजी आम्हांस जेमतेम कळे. पण चित्रांना भाषा लागत नाही. जगाच्या पाठीवर एक चिमुकला देश आहे, तेथे मालक नाही, कर नाही, बेकारी नाही, एवढे त्यावरून आम्ही शिकलो आणि द्वारसभांतून सांगू लागलो. अशाच एका सभेत एका वयस्क टर्नरने विचारले, "तिथे कामगाराला संप करता येतो का?" आम्हांला उत्तर ठाऊक नव्हते. ठाऊक नाही असे म्हणायला हवे होते. त्याऐवजी आम्ही भर सभेत म्हणालो, "हा प्रश्न मालकाच्या केबिनमधून आलेला दिसतो." सभा हसली, टाळ्या पडल्या आणि तो गृहस्थ खाली बसला. त्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही जे वाचले, ते आजचे हे व्याख्यान.

आल्बानिया हा ग्रीस आणि जुने युगोस्लाव्हिया यांच्या मध्ये, एड्रियाटिक समुद्राकाठी वसलेला डोंगराळ देश. क्षेत्रफळ सुमारे २८,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. शेकडो वर्षे तुर्की अंमल. १९१२ साली स्वातंत्र्य. १९२८ पासून झोग राजाची राजवट. १९३९ च्या एप्रिलमध्ये मुसोलिनीचे आक्रमण. महायुद्धात डोंगरांतून लढणाऱ्या गनिमी तुकड्यांनी १९४४ च्या नोव्हेंबरात देश मोकळा केला, आणि त्यांचा कम्युनिस्ट पुढारी एन्व्हर होजा सत्तेवर आला. तो ११ एप्रिल १९८५ रोजी मरेपर्यंत सत्तेवर होता. एका माणसाची चाळीस वर्षे ही त्या देशाची दोन पिढ्यांची आयुष्ये होती.

या राजवटीने काय केले, हे प्रथम न्यायाने सांगितले पाहिजे. महायुद्धापूर्वी तेथे शेकडा ८० च्या आसपास लोक निरक्षर होते. विद्यापीठ नव्हते, ते १९५७ साली तिरानात निघाले. मलेरियाने पोखरलेल्या दलदली उपसून त्यांची शेते करण्यात आली. तरुणांच्या तुकड्यांनी कुदळ-फावड्यांनी रेल्वेचे बांध घातले. १९७० साली शेवटच्या खेड्यापर्यंत वीज पोहोचली. जी मुलगी पूर्वी बुरख्याआड राहून बापाने ठरविलेल्या घरी गेली असती, ती शिक्षिका झाली, डॉक्टर झाली, गिरणीत मुकादम झाली. हे सर्व खोटे होते असे म्हणणारा इतिहासाशी प्रतारणा करतो. मासिकातली धरणे खरी होती. त्या मासिकात जे छापले जात नव्हते, तेही तितकेच खरे होते.

दरवाजे एकदम बंद झाले नाहीत. एकामागून एक बंद झाले. १९४८ साली युगोस्लाव्हियाशी बिनसले, १९६१ साली रशियाशी, १९७८ साली चीनशी. प्रत्येक वेळी कालचा थोरला भाऊ आजचा विश्वासघातकी ठरला, आणि त्या भावाशी ज्यांचे पत्रव्यवहार होते, ज्यांनी त्याच्या देशात शिक्षण घेतले होते, ज्यांच्या बायका त्या देशच्या होत्या, ते सारे संशयित झाले. १९७६ च्या राज्यघटनेने परदेशी कर्ज घेण्यासही बंदी केली. स्वावलंबन हा शब्द आपल्या कानांस गोड लागतो. परंतु सुटे भाग मिळेनात तेव्हा यंत्रे उभी राहिली, आणि त्याच काळात देशभर सिमेंटचे घुमट उभे राहत होते. शत्रू येणार म्हणून शेतात, समुद्रकिनारी, स्मशानाजवळ, घरांच्या अंगणाशी बंदुकधाऱ्यासाठी कुबडांसारखे बंकर बांधले गेले. त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास सांगितली जाते. शत्रू आला नाही. माणसे दोन खोल्यांत दाटीवाटीने राहत होती, आणि घरांचे सिमेंट आणि लोखंड त्या घुमटांत गाडले गेले होते.

आता तेथील कामगाराच्या दिवसाकडे वळू. तिरानाच्या वेशीवर रशियाच्या मदतीने १९५१ साली एक मोठी कापडगिरणी सुरू झाली. तिला स्टालिनचे नाव दिले होते. तिच्याभोवती वस्ती वाढली आणि त्या वस्तीचे नावच 'कोम्बिनात' पडले. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही : भोंगा, पाळ्या, साच्यांचा खडखडाट, केसांत अडकलेला कापूस. तेथे कामावर बहुतेक स्त्रिया होत्या. पाळी आठ तासांची, आठवडा सहा दिवसांचा. परंतु स्त्रीचा दिवस भोंग्याने सुरू होत नसे. तो दुधाच्या रांगेने सुरू होई. पहाटेच्या काळोखात दुकानापुढे रांग लागे, आणि प्रत्येक रांगेत कोणी उभे राहणार? म्हणून लोक आपल्या जागी धोंडा, पिशवी किंवा बाटली ठेवीत. तो धोंडा कोणाचा हे सर्वांना ठाऊक असे. १९८१ साली शेतकऱ्यांजवळ उरलेली खासगी गुरेही सामुदायिक शेतांत ओढून घेण्यात आली. तेव्हापासून दूध आणि मांस अधिकच दुर्मिळ झाले. पाहुण्याला भाकरी, मीठ आणि अंतःकरण द्यावे अशी त्या लोकांची जुनी म्हण आहे. घरात कॉफी नाही म्हणून पाहुण्यापुढे मान खाली घालण्याची पाळी त्या अतिथिशील लोकांवर यावी, हे दुःख आकडेवारीत सापडत नाही.

खासगी मोटार कोणालाही बाळगता येत नसे. त्यामुळे संध्याकाळी राजधानीचे रुंद रस्ते माणसांचे असत. कामावरून येऊन, हातपाय धुऊन, असेल तो बरा कपडा घालून सारे कुटुंब फिरावयास निघे. या संध्याकाळच्या फेरीला ते 'जिरो' म्हणतात. मुली-मुलगे एकमेकांना पाहून घेत, म्हातारे ओळखीच्यांची विचारपूस करीत. राजवटीच्या आधीपासूनची ही चाल. ती राजवटीनंतरही उरली. मात्र त्या रस्त्यांच्या एका बाजूस 'ब्लोक' नावाचा भाग होता. तेथे पुढारी राहत. तेथे पहारा होता आणि सामान्य माणसास तेथून जाण्यास मज्जाव होता. पगारांतील अंतर जगात सर्वांत कमी असल्याचा ज्या देशाचा अभिमान, त्या देशात पुढाऱ्यांच्या गल्लीला शिपाई लागावा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

टेलिव्हिजन, रेफ्रिजरेटर यांसारखी वस्तू नुसते पैसे साठवून मिळत नसे. त्यासाठी परवाना लागे, आणि तो कामाच्या ठिकाणाहून मिळे. म्हणजे कारखाना केवळ मजुरी देत नव्हता. घरात काय यावे हेही तोच ठरवीत होता. आणि परवाना कोणास मिळावा हे ठरविण्याच्या वेळी पाहिले जाई ते 'बिओग्राफी'. बिओग्राफी म्हणजे चरित्र, पण आपले नव्हे, घराण्याचे. आजोबांची जमीन होती काय, काका परदेशी पळाला काय, आत्येभाऊ तुरुंगात आहे काय. 'डागी' चरित्राच्या मुलाला विद्यापीठ बंद, चांगली नोकरी बंद, आणि त्याच्याशी लग्न करणारीचे चरित्रही डागी. आपल्याकडे जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याचा रोग हजारो वर्षांचा आहे. वर्ग नाहीसे करण्यास निघालेल्यांनी चाळीस वर्षांत जन्मावर आधारलेली नवी उतरंड उभी केली, हे वाचून आमच्या अंगावर काटा आला.

कारखान्यात आणखी एक वस्तू होती : 'फ्लेते-रुफे', म्हणजे विजेचा कागद. चीनच्या भित्तिपत्रकांवरून ती घेतली होती. कोणी उशिरा आला, कोणाचे केस लांब, कोणाचा झगा आखूड, कोणी बैठकीस गैरहजर, तर त्याच्या नावाने भिंतीवर कागद लागे आणि त्याला सर्वांदेखत उत्तर द्यावे लागे. टीका खालून वर जावी असा त्यामागील घोषित हेतू. प्रत्यक्षात वर नेमके किती जावे हे वरचेच ठरवीत. फौजदारी कायद्यात 'प्रचार व चिथावणी' या नावाचे कलम होते. बटाटे मिळत नाहीत एवढे रांगेत म्हटले तरी त्या कलमाखाली माणूस वर्षानुवर्षे आत जाऊ शके. भिंतीला कान असतात असे आपण म्हणतो. तेथे सिगुरिमी या गुप्त पोलिसदलाने ती म्हण अक्षरशः खरी केली. तिरानात पूर्वी प्रसूतिगृह असलेल्या एका वेलींनी झाकलेल्या घरातून चोरून ऐकण्याचे काम चाले. २०१७ पासून तेथे संग्रहालय आहे.

आता कामगार संघटना. ती होती. १९४५ पासून होती, जवळजवळ प्रत्येक कामगार तिचा सभासद होता, आणि तिचे स्वतःचे वर्तमानपत्र होते. त्याचे नाव 'पुना', म्हणजे श्रम. ती सहली काढी, विश्रामगृहांच्या जागा वाटी, उत्पादनाच्या चढाओढी लावी. पक्ष आणि कामगार यांना जोडणारा पट्टा अशी तिची व्याख्या होती. ज्यांनी जुन्या गिरणीत काम केले आहे त्यांना पट्टा म्हणजे काय हे सांगायला नको. पट्टा शक्ती नेतो ती मोटारीकडून यंत्राकडे. यंत्र तापले, बेअरिंग झिजले, तर ते मोटारीला कळविण्याचे काम पट्टा करीत नाही. तेव्हा त्या टर्नरच्या प्रश्नाचे उत्तर असे : नाही. संप करता येत नव्हता. राज्यच कामगारांचे आहे, मग कामगार संप कोणाविरुद्ध करणार, हा तेथील युक्तिवाद होता; आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हांस तो ठाऊक असता तर आम्हीही तोच केला असता.

घराबाहेरचे जीवन असे बांधल्यावर घराच्या आत शिरणे प्राप्तच होते. त्या देशात मुसलमान बहुसंख्य, त्यांत बेक्ताशी पंथाचे पुष्कळ. दक्षिणेत ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, उत्तरेत कॅथलिक. पिढ्यानपिढ्या ते शेजारी नांदले. १९६७ साली तरुणांच्या टोळ्या घालून दोन हजारांहून अधिक मशिदी, चर्चे आणि दर्गे बंद करण्यात आले. कोठे गोदाम झाले, कोठे क्रीडागृह. जगातील पहिले निरीश्वर राज्य म्हणून ते मिरवू लागले. आम्ही स्वतः देवळात जाणारे नव्हे, हे येथे सांगून टाकतो. परंतु बुद्धिवाद म्हणजे समजावणे. दाराला कुलूप घालणे हा बुद्धिवाद नव्हे. श्त्येफेन कुर्ती या वृद्ध कॅथलिक धर्मगुरूला सत्तरच्या दशकाच्या आरंभी देहान्त शिक्षा झाली. एका मुलाला गुपचूप बाप्तिस्मा दिल्याची हकीकत त्या शिक्षेशी जोडली जाते. ईस्टरला घरात अंडी रंगविली काय, रमजानात पहाटे दिवा लागला काय, हे शाळेत मुलांना विचारले जाई, अशा आठवणी तेथील लोक सांगतात. आईने मुलापासून देव लपवावा आणि मुलाने शिक्षकापासून आई लपवावी! १९७५ साली तर अयोग्य नावे बदलण्याचा हुकूम निघाला. बारशाचे नावसुद्धा सरकारच्या मर्जीचे हवे.

या ठिकाणी भारताशी असलेला एक धागा सांगितला पाहिजे. कलकत्त्याच्या मदर तेरेसा १९१० साली स्कोप्ये येथे एका आल्बानियन कुटुंबात जन्मल्या. त्या १९२९ साली हिंदुस्थानात आल्या. त्यांची आई आणि बहीण पुढे तिरानात राहावयास गेल्या आणि तेथेच अडकल्या. आईला मुलीकडे जाता येईना, मुलीला आईकडे येता येईना. सारे जग ज्यांच्या पायांशी नम्र होत होते त्यांना स्वतःच्या आईच्या दाराशी प्रवेश नव्हता. १९७२ साली आई गेली, पुढल्या वर्षी बहीण. मदर तेरेसांना आल्बानियात पाऊल ठेवता आले ते १९८९ साली, कबरींचे दर्शन घेण्यापुरते.

आता गाण्याबजावण्याचे. बंदी घातली म्हणून कान बंद होत नाहीत. समुद्रापलीकडे इटली, आणि इटलीच्या टेलिव्हिजनच्या लहरींना पारपत्र लागत नव्हते. पत्र्याच्या रिकाम्या डब्यात चारदोन सुटे भाग बसवून लोकांनी लहरी पकडण्याचे घरगुती साधन केले. त्याला नाव 'कानोचे', म्हणजे डबाच. अंधार पडला की छपरावरचा आकडा हळूच इटलीकडे वळे आणि पहाटे पुन्हा जागेवर येई. अशा प्रकारे कित्येकजण इटालियन भाषा शिकले. सरकारमान्य परदेशी करमणुकीत नॉर्मन विझडम या इंग्रज विनोदी नटाचे चित्रपट होते. मालकाकडून नाडला जाणारा साधा माणूस म्हणून त्याला परवानगी मिळाली, आणि लोक मात्र निखळ हसण्यासाठी त्याच्याकडे जात.

१९७२ च्या डिसेंबरात सरकारी गीतमहोत्सव झाला. गायकांनी जरा मोकळे कपडे घातले, वाद्यवृंदाने जरा नव्या चाली धरल्या. लोकांना तो अतोनात आवडला. पुढच्याच वर्षी पक्षाच्या बैठकीत त्यावर परकीय अवनतीचा शिक्का बसला. रेडिओ-टेलिव्हिजनचे प्रमुख तोदी लुबोन्या आणि दिग्दर्शक मिहालाक लुआरासी यांना तुरुंगवास झाला. तोदींचा मुलगा फातोस विद्यार्थी होता. काकांच्या माळ्यावर त्याच्या रोजनिशा सापडल्या. त्यांत त्याने स्वतःशी काही विचार लिहिले होते. १९७४ साली त्याला पकडले. शिक्षेवर शिक्षा चढत गेली, आणि तो सुटला १९९१ साली. सतरा वर्षे! तीही लिहिल्याबद्दल, छापल्याबद्दलसुद्धा नव्हे. मुसिने कोकालारी ही लेखिका १९४६ साली पकडली गेली, सोळा वर्षे तुरुंगात राहिली, आणि नंतर एका आडगावी रस्ते झाडण्याचे काम तिला मिळाले. १९८३ साली ती तेथेच वारली. इस्माइल कादारे हा मोठा कादंबरीकार राजवटीशी कधी जुळवून, कधी रूपकाच्या आडून लिहीत राहिला. त्याची 'स्वप्नांचा महाल' ही कादंबरी १९८१ साली निघाली आणि बंदीत गेली. १९९० साली त्याने फ्रान्समध्ये आश्रय घेतला. २०२४ साली त्याचे निधन झाले.

फातोस लुबोन्याला जेथे ठेवले त्या स्पाचविषयी कामगारांपुढे बोलल्यावाचून आम्हांस राहवत नाही. उत्तरेच्या डोंगरांत तांबे आणि पायराइट यांची खाण. १९६८ पासून तिच्यावर कैद्यांची छावणी. तीन पाळ्या; दर पाळीस ठरलेले वॅगन भरलेच पाहिजेत; न भरल्यास थंडीत कोठडी. खाणीत गंधकाची आग, बाहेर बर्फ. १९७३ च्या मे महिन्यात कैद्यांनी बंड केले, दोन दिवस छावणी ताब्यात ठेवली आणि तारा नसलेला राष्ट्रध्वज चढविला. बंड मोडले, चौघांना गोळ्या घातल्या. कामगारांच्या राज्यात खाणकामगारांच्या बंडाला मिळालेले हे उत्तर. सबंध राजवटीत राजकीय कारणांवरून मारले गेलेले सुमारे सहा हजार, आणि तुरुंग व हद्दपारीच्या वस्त्या भोगलेले कित्येक हजार. देश तीस लाखांचा, म्हणजे एका मोठ्या शहराएवढा! कोणाचे ना कोणाचे माणूस त्यात असणारच.

हे संपले कसे? होजानंतर रामिझ आलिया आला. १९९० च्या जुलैत सुमारे पाच हजार माणसे भिंतींवरून उड्या टाकून परकीय वकिलातींत शिरली. डिसेंबरात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतील गारठा आणि विजेचा अभाव एवढ्यावरून चळवळ पेटली आणि इतर पक्षांना मुभा मिळाली. २० फेब्रुवारी १९९१ रोजी लोकांनी तिरानाच्या मुख्य चौकातील होजाचा पुतळा पाडला. हे सर्वांना ठाऊक असते. यानंतर जे घडले ते कमी सांगितले जाते. निवडणूक होऊन जुनाच पक्ष परत निवडून आला होता. तेव्हा नव्याने निघालेल्या स्वतंत्र कामगार संघटनांनी १६ मे १९९१ पासून सार्वत्रिक संप पुकारला. तिरानाजवळच्या वालियास येथील खाणकामगार अन्नत्याग करून बसले. जून उजाडताच सरकारने राजीनामा दिला. पहा, भगिनींनो आणि बंधूंनो : त्या टर्नरच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर असे इतिहासाने दिले. ज्या हत्याराची कामगाराला गरज नाही असे सत्तेचाळीस वर्षे सांगितले गेले, तेच त्याने पहिल्या संधीस हाती घेतले.

पुढे सारे गोड झाले असे आम्ही सांगणार नाही. त्याच ऑगस्टात 'व्ल्योरा' नावाच्या एका जहाजावर सुमारे वीस हजार माणसे चढून इटलीतील बारी बंदरास लागली आणि बहुतेकांची परत पाठवणी झाली. कारखाने बंद पडले. कोम्बिनातचे साचेही थांबले. १९९७ साली गुंतवणुकीच्या फसव्या योजना बुडाल्या, लाखो लोकांच्या ठेवी गेल्या आणि देश यादवीच्या कड्यापर्यंत गेला. पक्षाने फसविलेल्यांना बाजारानेही फसविले. ज्यांनी गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठताना पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. परंतु एक फरक आहे, आणि तो लहान नाही : आज तेथील माणूस आपल्या फसवणुकीविषयी रांगेत, चौकात, छापील कागदावर बोलू शकतो. २०१५ च्या कायद्याने सिगुरिमीच्या फायली उघडण्याची वाट झाली आहे आणि ज्यांच्यावर पाळत होती ते आपली फाईल मागून वाचू शकतात.

यावरून तात्पर्य काय? कम्युनिस्ट वाईट आणि इतर चांगले, इतके स्वस्त तात्पर्य काढण्यासाठी आम्ही आपला वेळ घेतला नाही. वीज आणि शाळा देणारे हातच तोंड दाबू शकतात, आणि तोंड दाबले गेले की वीज आणि शाळासुद्धा टिकत नाहीत; कारण काय मोडले आहे हे सांगणारा कोणी उरत नाही. याची सुरुवात गुप्त पोलिसांपासून होत नाही. सभेत प्रश्न विचारणाऱ्याला शत्रूचा हस्तक म्हणण्यापासून ती होते, आणि ते करावयास राज्य लागत नाही. एक ध्वनिक्षेपक आणि टाळ्या वाजविणारी सभा पुरते.

त्या टर्नरने पुढे वर्गणी चुकविली नाही, संपात तो शेवटपर्यंत उभा राहिला. पण सभेत पुन्हा कधी उठला नाही. निवृत्त होऊन गावी गेला. आम्ही त्याच्या गावी जाण्याचे अनेकदा ठरविले. गेलो तेव्हा उशीर झाला होता. त्याच्या मुलाने चहा दिला. वडील तुमच्याविषयी कधी वाईट बोलले नाहीत, असे तो म्हणाला. आम्ही त्याला ती सभेची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मग उत्तर काय होतं?"

उत्तर आज आम्ही येथे दिले आहे. आता आपणांपैकी कोणास काही विचारावयाचे असेल तर अवश्य विचारावे.